देवळातला आणि लेण्यातला हत्ती वाचायचा कसा : सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी

आमच्याकडे हादग्याला पाटावर हत्ती काढायचा मान आत्याचा. खडूनं एका दमात काढायची, सोंड वर, पाठीवर झूल, आणि मग आम्ही पोरंपोरी त्या पाटाभोवती फेर धरायचो. एकदा मी विचारलं की आत्या, हत्तीच का, वाघ का नाही, तर ती म्हणाली, अगं हस्त लागलाय ना, हत्तीनं सोंड झटकली तरच आपल्या ज्वारीला ओल मिळायची. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, इथं मृगानं दगा दिला तरी लोक धीर धरतात पण सप्टेंबरच्या शेवटाला येणारा हत्तीचा पाऊस चुकला की रब्बीचं अख्खं गणित बिघडतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी वेरूळला कैलास लेण्यात शिरले आणि समोरच गजलक्ष्मीचा मोठा शिल्पपट दिसला. कमळांच्या तळ्यात लक्ष्मी बसलेली, खालचे हत्ती तळ्यातून घागरी भरतायत आणि वरचे हत्ती त्याच घागरी तिच्या डोक्यावर ओततायत. मी तिथंच थांबले कारण हा आत्याच्या पाटावरचाच हत्ती होता, पाऊस आणणारा! तेव्हापासून जिथं जाईन तिथं आधी हत्ती शोधते. ओळखीचे लोक विचारतात की तुला कसं कळतं कुठला हत्ती काय सांगतोय, म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहिते. यात पांडित्य काही नाही, बघायची एक पद्धत आहे आणि ती कुणालाही जमते.

निघण्याआधी

चांगला टॉर्च घ्या, मोबाईलचा पुरत नाही. शिल्पावर समोरून उजेड मारला की सगळं सपाट दिसतं, बाजूनं तिरका मारा, म्हणजे झिजलेली सोंडसुद्धा उठून येते. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जायचं ते पण याच कारणासाठी, दुपारी बाराला बाहेरच्या भिंतीवरचं काही धड दिसत नाही. अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही, नियम तर आहेच, पण नियम नसता तरी मारायचा नाही. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे आधी बघून प्लॅन करा, आम्ही एकदा एवढ्या लांब जाऊन बंद गेटसमोर डबे उघडून बसलो होतो. एक साधी वही ठेवा. फोटो शेकड्यानं निघतात आणि नंतर कुठला हत्ती कुठला ते आठवत नाही, वहीत चार रेघांचं चित्र आणि बाजूला जागा लिहिली तर कायम लक्षात राहतं.

पहिली पायरी : हत्ती बघू नका, हत्तीची जागा बघा

सगळ्यात महत्त्वाचं हेच आणि लोक हेच सोडतात. एकच हत्ती तळाशी असला तर त्याचं काम वेगळं, दारावर असला तर वेगळं, खांबाच्या डोक्यावर असला तर अजून वेगळं.

तळाशी, म्हणजे देवळाच्या पायथ्याला ओळीनं हत्ती असतील तर तो गजथर. भार पेलणं हे त्याचं काम. कैलास लेण्याचा सगळा डोलारा मोठाल्या हत्तींच्या पाठीवर उभा आहे असं दाखवलंय, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं काम, वरून खाली डोंगर कोरत आणलेलं. जवळ जाऊन बघा, काही हत्तींच्या सोंडेत कमळाचे देठ आहेत, म्हणजे एवढं ओझं पाठीवर घेऊन ते निवांत चरतायत. मला तरी ते कोरणाऱ्याचं मोठेपण वाटतं, ओझं दाखवलं पण कष्ट नाही दाखवले. खिद्रापूरच्या कोपेश्वराला तळाशी अशीच हत्तींची रांग आहे आणि त्यांच्या पाठीवर देवता बसलेल्या आहेत, तिथं एक चक्कर फक्त कमरेत वाकून मारायची, वर बघायचंच नाही. कर्नाटकात हळेबीडला होयसळेश्वराच्या भिंतीवर पट्ट्यांवर पट्टे आहेत, त्यात सगळ्यात खाली हत्ती, त्याच्यावर सिंह, अजून वर घोडेस्वार. सगळ्यात जड प्राणी सगळ्यात खाली.

आता हे फक्त देवळांचं आहे असं समजू नका. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला विहाराच्या, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या राहायच्या लेण्याच्या, जोत्यावर हत्तींची रांग आहे आणि ती कैलासापेक्षा कितीतरी शतकं जुनी, इसवी सनाच्या आधीची. कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, व्हरांड्याच्या दोन्ही बाजूच्या भिंतींतून हत्ती पुढं आलेत, वरचे मजले त्यांच्याच पाठीवर. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या लेण्यांत बौद्ध कारागिरांनी हत्तीच्या पाठीवर इमारत ठेवली आणि पुढं देवळं बांधणाऱ्यांनी तीच रीत चालवली.

दाराशी असला तर तो स्वागताचा नाहीतर राखणीचा. अजिंठ्याच्या १६ नंबर लेण्याखाली जिन्याच्या दोन बाजूंना गुडघे टेकलेले दोन हत्ती आहेत, गडबडीत लोक त्यांच्यामधून वर पळतात आणि वळून बघतसुद्धा नाहीत. दाराच्या चौकटीवर मधोमध जो छोटा चौकोन असतो त्याला ललाटबिंब म्हणतात, तिथं आपल्या दख्खनच्या जुन्या देवळांत गणपती नाहीतर गजलक्ष्मी बसलेली असते. दोन बाजूंना दोन हत्ती आणि मधे मांडी घातलेली बाई दिसली की समजा गजलक्ष्मी, चेहरा झिजला असला तरी. पायऱ्यांच्या कडेचा कठडा कधीकधी सोंडेसारखा वळवलेला असतो, त्यावर हात टेकून आपण वर जातो, तोही हत्तीच.

खांबाच्या डोक्यावरचे हत्ती बघायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. कार्ल्याला आतल्या खांबांवर हत्तींच्या जोड्या बसल्यात आणि त्यांच्यावर स्त्री-पुरुष स्वार आहेत. सांचीच्या स्तूपाला उत्तरेच्या आणि पूर्वेच्या तोरणाचा, म्हणजे दगडी कमानदाराचा, भार हत्तींवर आहे.

दुसरी पायरी : सोंडेत काय आहे

सोंड म्हणजे हत्तीचा हात. घागर असेल तर अभिषेक, म्हणजे गजलक्ष्मी, म्हणजे पाऊस आणि धान्य. गोव्यात आणि तळकोकणात हीच देवी केळबाय म्हणून गावाची राखण करते. कमळ असेल तर तळं, नाहीतर बुद्धाच्या आईचं स्वप्न, त्यावर पुढं येतेच. उपटलेलं झाड असेल तर भाजे लेणं आठवा, तिथं १९ नंबरच्या विहारात एक प्रचंड हत्ती झाड उपटून चाललाय, वर बसलेला इंद्र असं बरेच अभ्यासक मानतात. सोंडेत माणूस असेल तर युद्धाचा हत्ती, कोणार्कला तसे आहेत.

आणि सोंड खाली, गुडघे टेकलेले, समोर एक माणूस शांत उभा असेल तर जरा थांबा, तो नालागिरी असू शकतो. बुद्धाचा चुलतभाऊ देवदत्त यानं बुद्धाला मारायला राजगृह नगराच्या रस्त्यावर दारू पाजून सोडलेला हत्ती, आणि तो बुद्धासमोर येऊन नमला. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावरचं एक गोल शिल्प चेन्नईच्या सरकारी म्युझियममध्ये आहे, त्यात एकाच चौकटीत तोच हत्ती दोनदा कोरलाय, एकदा माणसं तुडवताना आणि एकदा पाया पडताना. पहिल्यांदा बघणाऱ्याला दोन हत्ती वाटतात. जुन्या शिल्पात एकच पात्र परत परत येतं, ही खूणगाठ बांधून ठेवा नाहीतर गोष्ट कधीच लागत नाही.

तिसरी पायरी : सुळे मोजा

एक सुळा असेल आणि अंग माणसाचं असेल तर गणपती, हे तर पोरंपण सांगतील. दोन सुळे म्हणजे साधा हत्ती. चार सुळे दिसले तर ऐरावत, इंद्राचा, समुद्रमंथनातून आलेला पांढरा हत्ती. सहा असतील तर षड्दंत, पालीत छद्दंत, म्हणजे मागच्या एका जन्मातला बुद्ध. महायान परंपरेत समंतभद्र बोधिसत्त्वाचं वाहनही सहा सुळ्यांचा हत्ती आहे पण ते आपल्याकडच्या लेण्यांपेक्षा चीन-जपानकडं जास्त. मोजताना घाई नको, सुळे पुढं आलेले असतात म्हणून आधी तेच तुटतात, तुटलेल्या जागी खाच राहते ती मोजायची.

छद्दंताची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. हिमालयात सहा सुळ्यांचा हत्तींचा राजा, त्याला दोन राण्या. धाकटीला वाटलं की राजा थोरलीवरच माया करतो, ती झुरून मेली आणि पुढच्या जन्मी बनारसची राणी झाली. आजाराचं सोंग घेऊन तिनं शिकाऱ्याला पाठवलं, म्हणाली त्या हत्तीचे सुळे आण. शिकाऱ्यानं खड्ड्यात लपून बाण मारला. हत्ती त्याला चिरडणार होता, पण शिकाऱ्याच्या अंगावर काषाय, म्हणजे भिक्खूचं भगवं, वस्त्र दिसलं आणि त्यानं राग आवरला. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात तर हत्तीनं स्वतः करवत सोंडेत धरून कापून दिले. सुळे बघून राणीला मागचा जन्म आठवला आणि तिचं काळीज फाटलं.

अजिंठ्यात ही गोष्ट दोनदा आहे, एकदा १० नंबरच्या लेण्यात, अगदी जुन्या थरातली, आणि एकदा १७ नंबरला, पाचव्या शतकातली. मधे पाचशेच्या वर वर्षं गेली, राजे बदलले, चित्रकारांच्या किती पिढ्या गेल्या आणि तरी त्याच दरीत परत हाच हत्ती रंगवला! १० नंबरचं चित्र खूप पुसट झालंय, पण राणीला भोवळ येते तो प्रसंग धीरानं शोधला तर सापडतो. डोळे अंधाराला सरावायला चारपाच मिनिटं द्या, गाइड पुढं गेला तरी जाऊ दे.

चौथी पायरी : पाठीवर कोण, शेजारी कोण

इथं फसायला होतं म्हणून नीट वाचा. हत्तीवर कोणी ऐटीत बसलेला दिसला की आपण पटकन इंद्र म्हणतो. वेरूळच्या ३२ नंबर लेण्याचं नावच त्यामुळं इंद्रसभा पडलं, पण ते जैन लेणं आहे आणि हत्तीवर बसलेला तो यक्ष आहे, मातंग म्हणून ओळखतात. अंगणात एक अख्खा दगडी हत्ती उभा आहे तोही बघा. दुसरे तीर्थंकर अजितनाथ यांचं लांछनच, म्हणजे ओळखीची खूणच, हत्ती आहे, म्हणजे हत्ती जैनांचाही तितकाच.

माहूत, अंकुश, अंबारी, झूल, गळ्यात घंटा असं सगळं असेल तर तो राजाचा हत्ती, मिरवणुकीतला नाहीतर लढाईतला. आपल्या जिल्ह्यात गावोगाव मारुतीच्या पाराजवळ वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, उभे असतात, त्यांच्या खालच्या चौकटीतली लढाई निरखून बघा, कधी घोडेस्वार दिसतात आणि नशीब असेल तर हत्तीही.

शिव नाचतोय आणि मागं चादर पसरल्यासारखं काहीतरी धरलंय, पायाखाली हत्तीचं डोकं, तर गजासुराचा वध. हळेबीडला तो असा काही कोरलाय की हत्तीचं कातडं आतून बघतोय असं वाटतं. घारापुरीला अंधकासुराच्या शिल्पातही शिवाच्या मागं हत्तीचं कातडं आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे जे नाव दिलं तेही तिथल्या दगडी हत्तीवरून, तो हत्ती आता मुंबईत भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात आहे, इंग्लंडला न्यायच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले होते ते परत जोडलेत.

तळ्यात पाय अडकलेला हत्ती आणि वरून गरुडावर येणारा विष्णू, म्हणजे गजेंद्रमोक्ष. गोष्टीत मगर असते, पण देवगडच्या गुप्तकाळातल्या देवळात, उत्तर प्रदेशातलं देवगड बरं का, तिथं हत्तीचे पाय नागानं धरलेत. तेव्हा मगर नाही म्हणून गोंधळू नका.

झोपलेली बाई आणि वरून उतरणारा हत्ती म्हणजे मायादेवीचं स्वप्न, पांढरा हत्ती कुशीत शिरतो आणि सिद्धार्थाचा जन्म ठरतो. मध्य प्रदेशातल्या भारहूत स्तूपाचं गोल शिल्प कोलकात्याच्या म्युझियममध्ये आहे, शिल्पावर नावपण कोरलंय, ‘भगवतो ऊक्रंति’, म्हणजे शंकेला जागाच नाही. पण सगळीकडं इतकं सोपं नसतं. सांचीच्या तोरणांवर कमळातली बाई आणि दोन बाजूंना पाणी घालणारे हत्ती आहेत, आपण गजलक्ष्मी म्हणू, फूशे नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं त्याला बुद्धाचा जन्म म्हटलं. मला विचाराल तर कोरणाऱ्याच्या मनात पाणी, कमळ आणि भरभराट हे पहिलं होतं आणि नाव दुसरं.

पाचवी पायरी : फॉरवर्ड मेसेज बाजूला ठेवा

कोणार्कचा एक फोटो फिरतो, सिंहाच्या पायाखाली हत्ती आणि हत्तीच्या खाली माणूस, सोबत लिहिलेलं असतं की सिंह म्हणजे हिंदू धर्म आणि हत्ती म्हणजे चिरडलेला बौद्ध धर्म. हे मला मनापासून खटकतं. त्याच कोणार्कला, तेराव्या शतकात राजा नरसिंहदेवानं बांधलेल्या आवारात, मोठे देखणे हत्ती मानानं उभे केलेत. हिंदू देवळं हत्तींच्या पाठीवर उभी, लक्ष्मीला न्हाऊ घालणारे हत्तीच, गणपती आपला घरचा. आणि दुसऱ्या बाजूनं बघा, सिंह तर बौद्धांचाही आहे, बुद्धालाच शाक्यसिंह म्हणतात, सारनाथचे चार सिंह आपल्या नोटेवर आहेत आणि त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर हत्ती, बैल, घोडा, सिंह एकामागून एक चालतायत. मग कुणी कुणाला चिरडलं? हत्तीवर चढलेला सिंह किंवा आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवरचा, पंजात हत्ती धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, हे साधारणपणे ताकदीचं चित्र मानतात, आमच्या राजापुढं हत्तीएवढा शत्रूसुद्धा लहान असं. धर्माचं भांडण त्यात कोंबायची गरज नाही.

अशोकानं कलिंगाच्या लेखांजवळ ओडिशातल्या धौलीला खडकातून बाहेर येणारा हत्ती कोरला, उत्तराखंडातल्या कालसीला लेखाशेजारी हत्तीची रेखाकृती आणि खाली ‘गजतमे’ अशी अक्षरं आहेत. तोच प्राणी पुढं हजार वर्षांनी शिवाच्या देवळाचा पाया झाला. मला यात सलग चालत आलेला एक कळप दिसतो.

सहावी पायरी : दिशा बघा

मोबाईलमधला कंपास उघडा. आठ दिशांना आठ दिग्गज, म्हणजे दिशा पेलणारे हत्ती, सांगितलेत, पूर्वेपासून फिरत ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम, सुप्रतीक. चालुक्य वळणाच्या मंडपात छताला कधी आठ दिक्पाल, म्हणजे दिशांचे राखणदार देव, कोरलेले असतात, मान वर करून हत्तीवरचा शोधा, तो इंद्र, त्याची बाजू पूर्व. मग बाकीचे सात आपोआप लागतात. मुलांना हा खेळ फार आवडतो.

सातवी पायरी : देऊळच हत्ती असतं तेव्हा

हे सगळ्यात शेवटी कारण यात हत्ती कोरलेला नसतोच. मागची बाजू गोलाकार असलेल्या इमारतीला गजपृष्ठ म्हणतात, बसलेल्या हत्तीची पाठ. बौद्ध चैत्यगृहांचा आकार हाच. तेरचं त्रिविक्रम मंदिर बघा, आपल्यापासून धाराशिवच्या थोडं पुढं, विटांचं आणि मागून गोल, अभ्यासक ते मुळात बौद्ध चैत्य असल्याचं सांगतात, आज आत विष्णू आहे. बाहेरून मागच्या बाजूला जाऊन उभं राहिलं की पाठ दिसतेच. ऐहोळेचं दुर्गा मंदिर पण असंच. आणि महाबलीपुरमला सहदेव रथ गजपृष्ठ आहे, त्याला लागूनच एक अख्खा दगडी हत्ती उभा केलाय, जणू शिल्पकार सांगतोय की हे बघ आणि ते बघ, आकार जुळतो का. तेरला गेलात तर तिथल्या म्युझियमसाठी वेळ काढा, तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली आणि तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती थेट इटलीत पॉम्पेईला निघाली. हत्तीचा दात आपल्या शेजारच्या गावातून कुठवर गेला असेल!

आता सुरुवात कुठून

लांब जायची घाई नको. आधी आपल्याच गावातलं जुनं देऊळ, त्याचं ललाटबिंब, पाराजवळचे वीरगळ. मग एक दिवस हत्तरसंग कुडलला जा, भीमा-सीनेचा संगम, शके ९४० चा मराठी शिलालेख तिथलाच, दारांच्या चौकटी आणि खांब निवांत बघा. बाजूच्या गावातल्या माणसांशी बोला, आपल्याकडं कुणी कन्नडमधे ‘आने’ म्हणेल, कुणी तेलुगूत ‘एनुगु’ म्हणेल, हत्ती तिन्ही भाषांत समजतो. दुसऱ्या रविवारी तेर. मग विजापूरवरून बदामी-ऐहोळेची दोन दिवसांची ट्रिप, आणि वेरूळ-अजिंठ्याला सलग तीन दिवस ठेवा, त्यातला एक पूर्ण दिवस कैलासासाठी, अर्ध्या तासात तो उरकायचा नसतो.

एक कळकळीची विनंती. एका गावात मी गजलक्ष्मी बघितली तिला कुणीतरी श्रद्धेनंच ऑइल पेंट लावला होता, हत्ती निळे, लक्ष्मी गुलाबी, आणि सोंडेतल्या घागरीवरची सगळी बारीक नक्षी रंगाखाली बुजून गेलेली. लावणाऱ्याची भक्ती खरी होती म्हणून भांडावंसंही वाटेना, पण काळजात कळ आली. तुमच्या गावात असं ठरत असेल तर बैठकीला जा आणि हात जोडून सांगा की दगडाला फक्त पाणी आणि मऊ कापड, तेही हळू.

जायची वेळ मात्र मी आता ठरवून टाकलीय. हस्त संपला की, ऑक्टोबरच्या मध्यावर. वाटेत ज्वारी वीतभर वर आलेली असते, सीनेला पाणी असतं, डोंगर अजून हिरवा आणि पावसानं धुतलेल्या काळ्या दगडावर सकाळचं ऊन तिरकं पडतं. त्या उजेडात हत्तीच्या कानाची शीरसुद्धा दिसते. यंदा आत्याला घेऊन वेरूळला जाणार आहे, तिनं अजून ती गजलक्ष्मी बघितलेली नाही.